अभियंत्यांची उचल

अभियांत्रिकीची पदवी घेऊन पहिल्या नोकरीत रुजू झालेल्या तरुणाने ती नोकरी केव्हा सोडावी, हा समाजवादी कार्यकर्त्यांनी डोके शिणवावे असा प्रश्न आहे काय? पुष्कळांचे उत्तर ‘नाही’ असेच येईल. हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत बसणारा, बसमधून नेला-आणला जाणारा हा पांढरपेशा. त्याचे तो पाहील, आपल्याला ऊसतोडणी कामगार, बांधकाम मजूर आणि घरकामगार बाया पुरेशा आहेत, असा हा युक्तिवाद असतो. तो ऐकायला क्रांतिकारक वाटतो. परंतु त्यामागे पाहणीपेक्षा आळस अधिक आहे. कारण ऊसतोडणी कामगाराला मुकादमाशी बांधून ठेवणारी दोरी आणि या पांढरपेशाला कंपनीशी बांधून ठेवणारी दोरी एकाच काथ्याची वळलेली आहे, हे जवळ जाऊन पाहिल्याखेरीज दिसत नाही.

बीड जिल्ह्यातला कोयता हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही. मग पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जावे लागते. सालगड्याचेही तेच. मराठवाड्यात गुढीपाडव्याला आणि खानदेशात अक्षय्य तृतीयेला साल धरले जाते, आणि वर्षाच्या मध्येच जो निघून जाईल तो घेतलेल्या पैशांचा चोर ठरतो. आता अभियंत्याच्या नेमणूकपत्राकडे वळावे. रुजू होताना ‘जॉइनिंग बोनस’ म्हणून एक रक्कम मिळते. वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास ती परत करावी लागते. ही उचल नव्हे तर काय? फरक इतकाच, की मुकादमाची उचल निदान हातात पडलेली असते. अभियंत्याच्या ‘बाँड’मध्ये पुष्कळदा हाती काहीच पडत नाही. ‘तुमच्या प्रशिक्षणावर आम्ही खर्च केला’ एवढ्या विधानावर लाख-दोन लाखांचे देणे त्याच्या नावावर चढते, आणि ते फेडण्याचा एकच मार्ग म्हणजे दोन-तीन वर्षे जागचे न हलणे.

या दोरीला कायद्याचा इतिहास आहे. १८५९ साली ब्रिटिश सरकारने कामगारांच्या करारभंगाचा कायदा केला. आगाऊ पैसे घेऊन काम टाकून जाणाऱ्या कारागिराला वा मजुराला, पैसे परत कर किंवा काम पुरे कर, असा हुकूम मॅजिस्ट्रेटने द्यावा आणि तो न मानल्यास सक्तमजुरीसह तीन महिन्यांपर्यंत तुरुंगात टाकावे, अशी त्यात तरतूद होती. मळेवाल्यांनी आणि कंत्राटदारांनी तिचा मनसोक्त वापर केला. हा कायदा रद्द करण्याचा कायदा १९२५ साली झाला. म्हणजे पासष्टहून अधिक वर्षे या देशात काम सोडणे हा गुन्हा होता. दरम्यान १८७२ च्या भारतीय करार कायद्यात २७ वे कलम आले. कोणालाही त्याचा कायदेशीर व्यवसाय वा धंदा करण्यास प्रतिबंध करणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल, असे ते कलम म्हणते. डेव्हिड डडले फील्ड यांनी न्यूयॉर्कसाठी तयार केलेल्या संहितेच्या मसुद्यातून ते उचलले गेले. त्याच मसुद्याचा वारसा सांगणारी तरतूद कॅलिफोर्नियानेही त्याच वर्षी स्वीकारली आणि तिथल्या न्यायालयांनी तिचा अर्थ कर्मचाऱ्याच्या बाजूने कडकपणे लावला. त्या राज्यातला संगणक-उद्योग फोफावण्याचे एक कारण म्हणजे तिथल्या अभियंत्याला आज एका कंपनीतून उठून उद्या समोरच्या कंपनीत बसता येत होते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आपल्याकडे कलम तेच राहिले, पण वाटा निराळ्या झाल्या.

कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यातील एका शिफ्ट सुपरवायझरचा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. टायरच्या दोऱ्याच्या विभागात त्याची नेमणूक पाच वर्षांच्या करारावर झाली होती. १९६४ साली, करार संपण्यापूर्वीच, तो कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कराराची मुदत चालू असेपर्यंत अन्यत्र तेच काम न करण्याची अट २७ व्या कलमाच्या आड येत नाही. त्यात परदेशी कंपन्यांकडून घेतलेल्या तंत्राच्या गुप्ततेचा मुद्दा तरी होता. २०२५ च्या मे महिन्यात विजया बँकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरविली. ती सार्वजनिक क्षेत्रातील बँक होती. भरतीसाठी तिला जाहिरात देऊन खुली स्पर्धा घ्यावी लागते, मध्येच कोणी गेल्यास तो सारा खटाटोप पुन्हा करावा लागतो, असे कारण देण्यात आले. निकालाचा आधार मर्यादित आहे. पण खासगी कंपन्यांचे वकील त्या मर्यादेची वाच्यता करतील, अशी अपेक्षा भाबडेपणाची ठरेल. अभियंत्याला दटावणाऱ्या नोटिशीत फक्त ‘सर्वोच्च न्यायालय’ हे दोन शब्द येतील. करार कायद्याचे ७४ वे कलम मात्र त्या नोटिशीत येणार नाही. करारात कितीही मोठा आकडा लिहिलेला असो, न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते. तसेच कोणालाही व्यक्तिगत सेवेच्या करारासाठी जबरदस्तीने कामावर आणता येत नाही, ही गोष्ट बावीस वर्षांच्या मुलाला सांगणार कोण?

प्रशिक्षणाच्या खर्चाची मालकांची तक्रार एकदा नीट तपासून पाहिली पाहिजे. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिले. तेव्हापासून महाराष्ट्रातील अभियंता घडविण्याचा खर्च मुख्यत: त्याचा बाप करीत आला आहे. कुणी जमिनीचा तुकडा विकला, कुणी पतपेढीचे कर्ज काढले, कुणी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम उचलली. उद्योगांनी या शिक्षणाला काय दिले? शिकून तयार झालेला माणूस त्यांना आयता मिळतो. त्यावर चार-सहा महिन्यांचा एखाद्या संगणकभाषेचा वर्ग घेतला, की त्याच्या बदल्यात दोन-तीन वर्षे मागितली जातात. या प्रश्नावर मार्क्सचा आधार घेण्याचीही गरज नाही. शिकागोच्या गॅरी बेकरने १९६४ साली मानवी भांडवलावरचा आपला ग्रंथ लिहिला. समाजवादाचा त्याला गंधही नव्हता आणि पुढे १९९२ साली त्याला नोबेल मिळाले. त्याचे सांगणे असे, की जे कौशल्य कोणत्याही कंपनीत चालते त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च शिकणारा स्वत:च सोसतो, कारण त्या काळात तो कमी पगार घेतो. म्हणजे प्रशिक्षणार्थीने तुटपुंज्या पगारातून ती किंमत आधीच चुकविली आहे. बाँडची रक्कम ही दुसऱ्यांदा केलेली वसुली होय. खुल्या बाजाराचे गोडवे गाणारे व्यवस्थापक आपल्याच पंथाचा हा ग्रंथ सोयीने विसरतात.

इथे एका तक्रारीला मात्र न्याय दिला पाहिजे. भोसरीतला एखादा लघुउद्योजक पदविकाधारक मुलाला सीएनसी यंत्रावर वर्षभर शिकवून तयार करतो आणि चाकणचा बडा कारखाना दोन-चार हजार जास्त देऊन त्याला उचलून नेतो. या लहान मालकाचे दुखणे खरे आहे. परंतु त्याचा खरा प्रतिपक्ष तो मुलगा नव्हे, चाकणचा कारखाना आहे. ब्रिटनमध्ये १९६४ च्या औद्योगिक प्रशिक्षण कायद्याने उद्योगांवर प्रशिक्षणपट्टी बसविली आणि जे शिकवितात त्यांना तीतून अनुदान दिले. आयत्या बिळावर बसणाऱ्या नागोबाने बिळाचे भाडे द्यावे, असा हा सरळ न्याय होता. आपल्याकडे लहान मालकांच्या संघटना अशी मागणी करीत नाहीत. त्यांना मुलाची प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घेणे सोपे वाटते.

आता पगाराच्या चिठ्ठीकडे वळू. कंपनी वर्षाला ३,६०,००० रुपयांचे ‘पॅकेज’ देऊ करते असे समजा. गावाकडे महिना तीस हजार म्हणून पेढे वाटले जातात. प्रत्यक्ष हातात पडतात पंचवीस हजारांच्या आसपास, कारण या आकड्यात मालकाने भरायचा भविष्यनिर्वाह निधीही असतो, मिळेल-न-मिळेल असा ‘व्हेरिएबल’ही असतो आणि ग्रॅच्युइटीही असते. यातील ग्रॅच्युइटी हे प्रकरण मोठे रंजक आहे. १९७२ च्या कायद्याने ती प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी, पण सलग पाच वर्षे नोकरी झाल्यावरच मिळते. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने मुदतबंद नेमणुकीच्या कामगारांना एका वर्षानंतर ती देऊ केली. कायम नोकरीतल्यांसाठी पाच वर्षांची अट तशीच राहिली. पॅकेजचा निम्मा भाग वेतन धरला तर महिना १५,००० वर वर्षाची ग्रॅच्युइटी ८,६५० रुपयांच्या थोडी वर जाते. चार वर्षे काम करून जो निघाला त्याच्या पॅकेजात दर वर्षी दाखविलेले हे सुमारे ३४,६०० रुपये त्याला कधीच मिळत नाहीत. असे एक हजार अभियंते निघाले तर रक्कम साडेतीन कोटींच्या घरात जाते. आणि याहूनही बोलकी गोष्ट पुढेच आहे. कंपन्यांच्या ताळेबंदात ग्रॅच्युइटीची तरतूद करताना किती कर्मचारी मुदतीपूर्वी सोडून जातील याचा अंदाज बांधावा लागतो. हिशेबाचा नियमच तसा आहे. म्हणजे तरुणाच्या नेमणूकपत्रात ती रक्कम पुरी लिहायची आणि स्वत:च्या वहीत मात्र ‘हा काही टिकणार नाही’ असे धरून कमी लिहायची. निष्ठेची प्रवचने देणारेच आपल्या वहीत पळून जाणाऱ्यांची टक्केवारी मांडून बसलेले असतात!

नोटिशीची कथा फार वेगळी नाही. माहिती तंत्रज्ञानाच्या बड्या कंपन्यांत राजीनाम्यानंतर नव्वद दिवस थांबण्याची अट रूढ झाली आहे. तीन महिने वाट पाहायला नवा मालक तयार नसतो, आणि मुदत कमी करून घ्यायची तर पगार भरून द्यावा लागतो. उलट बाजूने पाहावे. मोठे कारखाने, खाणी व मळे सोडले तर, वर्षभर काम केलेल्या कामगाराची छाटणी करताना मालकावर कायद्याने घातलेले बंधन एका महिन्याच्या नोटिशीचे आहे. जायचे असेल तर तीन महिने, घालवायचे असेल तर एक, ही ती समानता. तीतही ‘तू स्वत:हून राजीनामा दे, म्हणजे अनुभवाचा दाखला स्वच्छ मिळेल’ असे सांगून तो एक महिनाही वाचविला जातो.

निष्ठेचा हिशेब तरी कसा लागतो? फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने, साडेसहा लाखांवर निवडलेल्या आणि रुजू होण्याची वाट पाहत बसलेल्या नवपदवीधरांना साडेतीन लाखांवर येता का, असे विचारले. पुण्यातील आयटी कर्मचाऱ्यांच्या ‘नाइट्स’ या संघटनेने त्याविरुद्ध आवाज उठविला. पण मुलांनी काय करावे? त्यांच्याकडून बाँड घेता येतो, त्यांना कंपनीकडून तो घेता येत नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करण्याचा उपदेश केला. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे नव्वद तासांचे उद्गार प्रसिद्ध झाले. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यांत प्रामुख्याने मधल्या व वरच्या फळीतले, म्हणजेच ‘टिकलेले’, होते. पहिल्या नोकरीत पंधरा-वीस वर्षे राहणाऱ्याला काय मिळते याचे उत्तर यापेक्षा स्पष्ट कोणी देऊ शकेल असे वाटत नाही.

दुसऱ्या टोकाला आणखी एक पंथ उभा आहे. दर दीड-दोन वर्षांनी नोकरी बदला, दर उडीला तीस टक्के वाढ घ्या, निष्ठा हा मूर्खांचा अलंकार आहे, असे तो पंथ शिकवितो. या उपदेशात एक कडू सत्य आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी नवागताला जे सव्वातीन-साडेतीन लाख मिळत, तिथेच बड्या कंपन्यांचा सरसकट भरतीचा आकडा आजही घुटमळतो आहे. २०१२ चा पाया धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार २०२४ अखेरपर्यंत भावपातळी मात्र जवळजवळ दुप्पट झाली. म्हणजे वास्तव वेतन निम्म्यावर आले. जिथे बसल्या जागी पगार वाढत नाही तिथे माणूस उठून जाणारच. २०२२ च्या मध्याला इन्फोसिसमध्ये सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण वर्षाला अठ्ठावीस टक्क्यांवर गेले होते, ते काही तरुण पिढीच्या नीतिभ्रष्टतेमुळे नव्हे.

परंतु हा बाजारपंथ सर्वांसाठी नाही, हे तो सांगत नाही. दोनच वर्षांत भरती आटली आणि उडी मारायला समोर काठच उरला नाही. ज्याच्या डोक्यावर शैक्षणिक कर्जाचा हप्ता आहे, ज्याच्या घरी परत जाऊन चार महिने बसण्याइतकी ऐपत नाही, त्याची उडी आणि सदाशिव पेठेत वडिलांचे घर असलेल्याची उडी सारखी नसते. स्त्रियांचे तर विचारूच नये. प्रसूती लाभासाठी प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ऐंशी दिवस काम झालेले असावे लागते. तेव्हा नोकरी बदलण्याचा मुहूर्त मुलीला गर्भारपणाशी जुळवून काढावा लागतो. तिचे पॅकेज पाहून हेवा करणाऱ्यांच्या हे स्वप्नातही येत नाही.

बाजारपंथाचा खरा दोष आणखी खोल आहे. अल्बर्ट हर्शमनने १९७० साली संस्थांच्या ऱ्हासावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. असमाधानी माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणे किंवा आवाज उठविणे. आणि निघून जाणे फार सोपे झाले की आवाज क्षीण होतो, कारण सर्वांत आधी तेच जातात ज्यांना बोलता आले असते. आयटी उद्योगाची सारी शांतता या सूत्राने उलगडते. एका टोळीप्रमुखाचा जाच असह्य झाला की चार हुशार माणसे दिवाळीनंतर राजीनामे देतात. उरतात ते बाँडमध्ये अडकलेले, कर्जातले, भित्रे. कंपनी चार नवे घेते, जाच चालूच राहतो. म्हणून मालकांना दोन्ही सोयीचे असते. ज्यांना दोरीने बांधायचे त्यांना बांधावे आणि जे तोंड उघडतील त्यांना दार दाखवावे.

यावर ‘मग राहा आणि लढा’ असा आदेश विशी-बाविशीच्या मुलांना देणे हे मात्र पांढरपेशा क्रांतिकारकांचे जुने व्यसन आहे. लढण्याची जागा तयार न करता दुसऱ्याला हौतात्म्य सुचविण्याचा अधिकार कोणाला नाही. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास येथे उपयोगी पडतो. कामगार एका गिरणीतून दुसरीत जातो, गावी पळतो, त्याला उद्योगाची बांधिलकी नाही, ही मालकांची ओरड पूर्वापार होती. आणि त्यावर उपाय म्हणून मजुरी उशिरा देऊन अडकवून ठेवली जात असे. मॉरिस डी. मॉरिस या अमेरिकन अर्थेतिहासकाराने १९६५ साली या ओरडीतला फोलपणा कागदपत्रांनिशी दाखविला. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मजुरीच्या तारखेला बंधन आले. गिरणी बदलणारा तोच कामगार पुढे संपात एकवटला, कारण त्याची संघटना एका गिरणीची नव्हती, ती धंद्याची होती. त्याने गिरणी सोडली तरी संघटना सुटत नव्हती. आजच्या अभियंत्यालाही अशीच धंद्यानिहाय संघटना हवी. जिचे सदस्यत्व ओळखपत्राच्या पट्ट्याबरोबर परत करावे लागते, तिचा त्याला उपयोग नाही.

अशी संघटना अशक्य आहे असे मानण्याचे कारण नाही. ‘अभियंता कामगार नव्हे’ ही समजूत कायद्यानेच खोटी ठरविली आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तांत्रिक काम करणारा कामगारच होता, त्याचा पगार कितीही असो. वेतनाची मर्यादा होती ती फक्त देखरेखीचे काम करणाऱ्यांसाठी. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा अठरा हजार झाली. तांत्रिक कामाबद्दलची तरतूद कायम आहे. म्हणूनच कंपन्या दोन वर्षांच्या अनुभवावर ‘लीड’ आणि ‘मॅनेजर’ अशा पदव्या सढळ हाताने वाटतात. पदवी फुकट देता येते आणि तिच्याबरोबर कामगारपण काढून घेण्याचा दावा करता येतो. प्रत्यक्ष काम कोणते, हेच न्यायालय पाहते, हे त्या ‘लीड’ला ठाऊक नसते.

मग पहिली नोकरी सोडावी तरी केव्हा? ‘दोन वर्षे पुरी कर’ हे वडीलधाऱ्यांचे उत्तर सरकारी नोकरीच्या काळातले आहे आणि अर्धे बाँडच्या भीतीतून आलेले आहे. कॅलेंडर हे या निर्णयाचे माप नव्हे. गेल्या सहा महिन्यांत काही नवे शिकायला मिळाले का, हे पहिले पाहावे. न मिळाल्यास त्या कमी पगाराचे समर्थनच संपते, कारण तो पगार शिकण्याच्या नावाखाली कमी होता. वाढ भाववाढीच्या मागे पडली असेल तर दर वर्षी थोडी पगारकपातच होत आहे, हे ध्यानात घ्यावे. जिथे न केलेल्या तपासणीच्या कागदावर सही मागितली जाते, तिथे मात्र माप लावत बसू नये. पूल, बॉयलर किंवा ब्रेक यांच्या दाखल्यावरची खोटी सही बाँडच्या रकमेहून महाग पडते. आणि जाण्यापूर्वी, जे जात नाहीत त्यांच्याबरोबर बसून, जाण्याचे कारण लेखी द्यावे. राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे दोन शब्द लिहिण्याची प्रथा मालकांच्या फार उपयोगाची आहे.

चळवळीने करायचे ते एवढ्याहून निराळे आहे. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक २०१४ पासून कर्मचाऱ्याबरोबर एका नोकरीतून दुसरीत जातो. ग्रॅच्युइटी का जाऊ नये? मालकाच्या नोटिशीइतकीच कामगाराची नोटीस, मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्यावर फौजदारी कारवाई, प्रत्यक्ष झालेल्या खर्चाचा हिशेब दिल्याखेरीज बाँडची वसुली नाही, या मागण्या सामान्य माणसाला समजतात आणि विधानसभेत मांडताही येतात. तोवर पिंपरी-चिंचवडच्या शाखेने रविवारी सकाळी दोन तास कार्यालय उघडे ठेवून एक वकील बसवावा, आणि नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचून दाखविले जाईल, असा फलक हिंजवडीच्या बसथांब्यावर लावावा. जुलैमध्ये नवी तुकडी येते. फलक जूनमध्ये लागला पाहिजे.